सकाळची प्रत

हॉस्पिटलच्या सर्व्हर रूममध्ये पेशंटच्या सगळ्या नोंदी दोन डिस्कवर असत. एक मूळ, दुसरी तिची आरशासारखी प्रत. रोज सकाळी तो ती प्रत मुळापासून तोडून ठेवायचा. मग दिवसभरात मूळ डिस्कवर कोणी कितीही गोंधळ घालो, सकाळचं सगळं जसंच्या तसं शिल्लक राहायचं. रात्री प्रत पुन्हा जोडली, की मात्र मुळात जे असेल तेच तिच्यावर उमटायचं.

त्याच हॉस्पिटलमध्ये त्याची बायको गेली त्या संध्याकाळी मेहुणीने फाइलची प्रिंट त्याच्यापुढे धरली. "भावोजी, हे बघा. औषधाची ॲलर्जी: नाही! काल भरती करताना ताईने माझ्यासमोर सांगितलं होतं, नर्सने टाइपसुद्धा केलं होतं. तरी तेच इंजेक्शन दिलं, आणि आता वर हे!"

"बदलू देत त्यांना," तो डोळे पुसत म्हणाला. "सकाळची प्रत माझ्या हातात आहे. एकेकाला कोर्टात उभं करतो."

तो जवळजवळ धावतच सर्व्हर रूममध्ये शिरला. स्क्रीनवर हिरवी अक्षरं होती: प्रत जोडलेली, मुळाशी तंतोतंत.

मग त्याला दुपार आठवली. तो आयसीयूबाहेरच्या बाकावर बसला होता. मॅनेजर स्वतः चहा घेऊन आले, त्याचा लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला आणि खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले,

"ती प्रत आज आत्ताच जोडून टाका. तेवढंच तुमचं मन जरा दुसरीकडे लागेल."