अठरा अंश

उन्हात पसरलेल्या धानाजवळ खाट ओढून यादोरावांनी फोन पोत्याला टेकवून उभा केला. पडद्याचे दोन भाग झाले. एकात ग्लासगोच्या घरात पलंगावर बसलेली तृप्ती. अंगात स्वेटर, वर शाल, शालीच्या आत महिन्याची गुड्डी. तिच्या खिडकीतला सकाळचा उजेड राखेसारखा होता. दुसऱ्या भागात जावई कैलाश, त्याच शहरातल्या आपल्या ऑफिसात, शर्टाच्या बाह्या दुमडून.

गोदावरीबाई दाराआड उभ्या होत्या. करडी गावात त्यांच्या वयाची सासू जावयासमोर येत नाही. जे बोलायचे ते नवऱ्याच्या तोंडून बोलते.

"मामाजी, तुम्हीच समजावा हिले," कैलाश म्हणाला. "रेडिएटरवर साधे वॉल्व्ह होते, हातानं फिरवाचे. मी एका खोलीत स्मार्ट लावून पाह्यला. आज बाकीच्या खोल्यांसाठी मागवून राहिलो, तर ही म्हणते साधेच राहू द्या."

"रेडिएटर म्हंजे ते भिंतीवरचं लोखंड ना? आतून गरम पाणी फिरते ते?"

"तेच. आता पाहा."

कैलाशने मोबाईलवर बोट सरकवले. तृप्तीच्या मागे, भिंतीजवळ, काहीतरी किरकिरले आणि थांबले.

"अरे वा!" यादोराव खाटेवर सरसावून बसले. "आमाले पाण्याची मोटार बंद कराले शेतात बांधीवर जा लागते, अन् जवाई ऑफिसात बसून घर तापवते!"

"तापवत नाही बाबा," तृप्ती म्हणाली. "आत्ता बंद केलं."

"कारण खोलीत अठरा अंश आहे," कैलाश शांतपणे म्हणाला. "इथं आकडा दिसते मले. मामाजी, डिसेंबरात तुमच्या घरात पहाटे अठरा राहते का? बारा निघन. तिथंच वाढली ना ही?"

"हे मात्र खरं बोलले जवाई."

"अठरा त्या वॉल्व्हपाशी आहे. तो लोखंडालेच चिकटून राहते, त्याले काहून थंडी वाजन? इथं पलंगावर नाही अठरा." तृप्तीने शालीचे टोक बाजूला केले आणि एक इवलेसे पाऊल कॅमेऱ्यासमोर धरले. "पाहा."

पावलाची नखे निळसर होती. की पडदाच निळा होता, यादोरावांना ठरवता आले नाही.

"एवढ्या लहान बाळांचे असतेच तसे," कैलाश म्हणाला. "वाचलं मी."

दाराआडून दबका आवाज आला. "विचारा, तिले हातानं नाही फिरवता येत का तो?"

"आई विचारते तुझी, हातानं..."

"ऐकू आलं बाबा. फिरवता येते. पण यांनी मोबाईलवरून लॉक लावला. आता कितीही फिरवा, काही होत नाही."

"चाइल्ड लॉक आहे तो," कैलाश हसला. "लहान मुलांनी खेळू नये म्हणून कंपनीच देते. आधी साधा होता तर ही रात्रभर सगळ्यात वरच्या आकड्यावर, पाचावर ठेवे, मामाजी. उन्हाळा करून टाकला होता घराचा. मागवू ना बाकीचे?"

यादोरावही हसले. मग त्यांनी दाराकडे पाहिले आणि हसणे मधेच सोडून दिले.

गोदावरीबाई उंबरा ओलांडून अंगणात आल्या. धानाला वळसा घालून त्या खाटेजवळ आल्या. पदर कपाळावर ओढलेला होता, पण चेहरा सरळ फोनसमोर होता.

"अवं, काय करून राहिली?" यादोराव पुटपुटले.

"जवाई," त्या म्हणाल्या, "पोरीनं तर अजून मान नाही धरली. मंग हा लॉक कोनासाठी लावला?"

लग्नापासून कैलाशने हा आवाज थेट आपल्याशी बोलताना कधी ऐकला नव्हता. तो खुर्चीत नीट बसला. दुमडलेली बाही त्याने खाली ओढली.

"मामी, तसं नाही... मी वाढवतो ना. हे पाहा, आत्ताच वाढवतो. तृप्ती, बोल, किती पाहिजे तुले? एकवीस करू? बावीस?"

गुड्डीला छातीशी धरून तृप्ती उठली, तिच्या भागात नुसती भिंत उरली, आणि भिंतीजवळचा पांढरा रेडिएटर. मग तिचा मोकळा हात पडद्यावर आला. तिने वॉल्व्हखालचे कडे मुठीत धरले आणि फिरवू लागली. एकदा मूठ घसरली. तिने हात शालीला पुसला आणि पुन्हा धरले.

"तृप्ती, काय करून राहिली? तुटन तो!"

वॉल्व्ह सुटून तिच्या हातात आला. त्याच्या जागी पाणी अडवणारा एक बारीक पितळी खिळा दिसला. त्याला दाबून धरणारे आता काही नव्हते. तो सावकाश वर आला, आणि लोखंडात पाणी शिरल्याचा लांबट आवाज करडीच्या अंगणापर्यंत ऐकू आला.

गोदावरीबाई दाराआड परत गेल्या नाहीत.

"इथून आकडाच गेला," कैलाश म्हणाला. तो मोबाईलवर पुन्हा पुन्हा बोट घासत होता. "खोलीच दिसून नाही राहिली. तृप्ती? किती आहे आता तिथं?"

तृप्ती पलंगावर येऊन बसली. तिने हातातला वॉल्व्ह उशीशी ठेवला.

"घरी या," ती म्हणाली, "अन् हात लावून पाहा."