टोपल्यांची खोली

मागण्या तीनच द्या आणि एका पानावर द्या, असा खासदारांच्या कार्यालयातून निरोप आला होता. उदय राऊतांच्या यादीत अकरा होत्या. रेल्वेचा निधी मर्यादित, त्यामुळे आधी काय मागायचं हे ठरवायला प्रवासी संघटना इंद्रलोक वसाहतीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये बसली होती. जादा गाड्या आणि सरकते जिने यांवर लगेच एकमत झालं. तिसऱ्या मागणीवर सगळं अडलं.

संघटनेची नवी चिटणीस रुचिता म्हणत होती, फलाटावर बायकांसाठी स्वच्छतागृह. उदयरावांना कोळणींच्या टोपल्या ठेवायला खोली हवी होती.

"काका, सत्तावीस वर्षं तुम्ही ती खोली मागताय," रुचिता म्हणाली. "आता कितीजणी टोपली घेऊन गाडीने जातात? बहुतेक टेम्पोने जातात."

"ज्या जातात त्यांच्यासाठी," उदयराव म्हणाले. "रविवारी तुळसाबाईंनाच घेऊन येतो. त्यांच्या तोंडावर नाही म्हणून दाखवा."

खोलीची मागणी ही त्यांनी रेल्वेकडे लिहिलेली पहिली मागणी होती. तेव्हा ते चाळिशीचे, विमा कंपनीत कारकून. पहाटेच्या गाडीसाठी फलाटाच्या टोकाला उभे राहायचे. किनाऱ्यावरच्या पाली गावच्या कोळणी तिथेच बसलेल्या असायच्या. केसांत अबोली, पायाशी टोपल्या. त्यांतल्या तुळसाबाई उदयरावांच्या जेवणाच्या डब्यात आज काय आहे विचारायच्या आणि भेंडी म्हटलं की नाक मुरडायच्या. गाडीला उशीर झाला तरी कुणाला घाई नसायची. अजूनही त्या तासाला उदयरावांना जाग यायची आणि जायला कुठेच नसायचं.

अशाच एका पहाटे तुळसाबाई म्हणाल्या होत्या, "तू सगल्यांचे अर्ज लिवतोस ना? आमचा पन लीव. आमाला एक खोली पायजे."

'टोपल्या ठेवायला खोली' असा अर्ज त्यांनी लिहिला. दर वर्षी लिहिला. बारा वर्षांनी पैसे मंजूर झाले आणि चार खांबांवर पत्र्याची शेड उभी राहिली. उदयरावांनी स्वतः नारळ फोडला. पण एकाही कोळणीने तिथे टोपली ठेवली नाही. ते त्यांना फार लागलं. मग, उघड्यावर मांजरं येत असतील, अशी त्यांनीच स्वतःची समजूत घातली आणि पुढच्या अर्जापासून 'पक्क्या भिंतींची' हे शब्द वाढवले.

शनिवारी दुपारी ते बसने पालीला गेले. तुळसाबाई ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. आता त्यांना कमी दिसायचं, पण आवाज लगेच ओळखला. उदयरावांनी सभेचं सगळं सांगितलं. उद्या फक्त येऊन दोन शब्द बोलायचे, बाकी मी बघतो, असंही म्हणाले.

"त्या पोरीची मागनी काय हाय?" तुळसाबाईंनी विचारलं.

उदयराव जरा घुटमळले. "ती आपली... बायकांची सोय. संडास, मोरी वगैरे."

तुळसाबाईंचा हात सुपातच थांबला.

तेवढ्यात त्यांची सून अंबिका बाजारात मासळी विकून आली. ती अजूनही गाडीनेच जायची. तिने रिकामी टोपली दारात टाकली आणि कुणाकडे न बघता सरळ घरामागे गेली. परत आल्यावर उभ्यानेच दोन तांबे पाणी प्यायली. मग कुठे तिला उदयराव दिसले. "कधी आलाव?" ती हसून म्हणाली आणि आत गेली.

"पहाटे तीनपासून पान्याचा थेंब न्हाय घेतला तिनं," तुळसाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी पन न्हाय घेतला. चालीस वरसं. दोनदा मुतखडा काढला." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "टोपलीला खोली कशाला लागते, उदयभाऊ? टोपली डोक्यावर, न्हायतर पायाशी. त्या चार खांबांत आमी काय करनार व्हतो?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?" उदयरावांनी विचारलं.

"बाप्या मानसाला कसं सांगायचं? तरी सांगितलं व्हतं. खोलीला आतून कडी पायजे, असं लीव म्हनलं. तू हसलास."

ते हसले होते. टोपल्या काय आतून कडी लावून घेणार, असं म्हणाले होते. आसपासचे सगळे हसले होते. तुळसाबाईही हसल्या होत्या, तोंडाला पदर लावून. ती पहाट उदयरावांनी किती जणांना किती वेळा कौतुकाने सांगितली होती.

"उद्या मी कशाला येऊ?" तुळसाबाई म्हणाल्या. "त्या पोरीचंच लीव."

रविवारी उदयराव एकटेच हॉलमध्ये आले. रुचिता वादाच्या तयारीने बसली होती. त्यांनी तिच्याकडून कागद मागून घेतला, तिसऱ्या जागेवर स्वतःच्या हाताने तिची मागणी लिहिली आणि सही करून कागद परत दिला.

रुचिताने ती वाचली. "काका, 'दाराला आतून कडी' हे कशाला लिहिलंत? ते काय कुणी खासदारांना सांगतं?"

"राहू दे," उदयराव म्हणाले. "मागे मीच गाळलं होतं."