डावं चाक

लेक गाडीखाली उताणी पडून डाव्या मडगार्डच्या आतून बोट फिरवत होती. प्लास्टिक घासून घासून चकचकीत झालं होतं. एका जागी तर नुसता पापुद्रा उरला होता.

"कधी घासतं, बाबा?" तिनं खालूनच विचारलं.

"वळताना," वडील म्हणाले. "सरळ जाते तोवर गरीब गाय. वळली की कुरकुर सुरू."

ही मूळची गोल्फच्या मैदानावरची, बॅटरीवर चालणारी गाडी. टेकडीवर त्यांच्या पाहुण्यांसाठी भाड्यानं द्यायच्या चार खोल्या होत्या. गेटापासून खोल्यांपर्यंत माणसं आणि सामान न्यायला दादानं ती जुन्या बाजारातून आणली. वाटेतल्या दगडांना तिचं पोट लागायचं, म्हणून त्यानं ती वीतभर उंच करून घेतली आणि ट्रॅक्टरला शोभतील असे टायर चढवले. तेव्हापासून डावं चाक घासायला लागलं. दादाच्या मते टायर खराब निघाले. वहिनीच्या मते टायर निवडणारा. शेवटी गावात गॅरेज चालवणाऱ्या बहिणीला बोलावणं गेलं.

तिला वाटलं, गाडी डावीकडे कलली असेल. तिनं टेप लावून मोजलं. दोन्ही बाजू सारख्या भरल्या. चाकं हलवून पाहिली, स्प्रिंगा पाहिल्या. सगळं जिथल्या तिथं होतं. मग ती उजव्या बाजूला सरकली आणि थबकली. उजव्या मडगार्डच्या आत कोळ्यानं जाळं विणलं होतं. अगदी शाबूत.

ती उठली आणि स्टिअरिंगवर बसली. अंगणातच तिनं गाडी उजवीकडे पूर्ण वळवली. डावं चाक घासलं. मग डावीकडे पूर्ण वळवली. आता उजवं चाक तितकंच घासलं आणि जाळं टायरबरोबर गेलं.

म्हणजे दोष दोन्हीकडे होता. खूण मात्र एकीकडेच होती.

"दादा, ही गाडी डावीकडे वळतच नाही का रे?"

"असं कसं होईल?" दादा हसला. "गेटातून आत आलं की खोल्या डावीकडेच तर आहेत. तळ्याच्या बांधावरून दोन मिनिटांचा रस्ता."

"बाबा नाही वळत, आणि गाडी तेच चालवतात," वहिनी दारातून म्हणाली. "ते उजवीकडे वळून पाण्याच्या टाकीला पूर्ण वळसा घालतात. मग आलेलाच रस्ता ओलांडून सरळ बांधावर. पाहुण्यांना बाग दाखवतात म्हणे."

लेक टाकीपाशी जाऊन आली. टाकीभोवती गवत मरून गोल चाकोरी पडली होती. बागेत बघण्यासारखं काही नव्हतं. दोन पेरूची झाडं होती आणि पालापाचोळ्याचा ढीग.

तिनं आधी हातातलं काम संपवलं. दोन्ही चाकांच्या मागे जाड चकत्या बसवल्या, म्हणजे टायर थोडे बाहेर आले. मडगार्डच्या मागच्या कडा गरम करून बाहेर वळवल्या. जिथं वळेनात तिथं कापल्या. मग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. कुठंच काही लागत नव्हतं. दादानं स्वतः एक फेरी मारली आणि टायर निवडणाऱ्याची चूक नव्हती हे वहिनीला दोनदा ऐकवलं.

विषय तिथंच संपायला हवा होता. पण लेकीच्या डोक्यातून तो वळसा जाईना. बाबांनी उभं आयुष्य शहरातली बस चालवली होती. गल्लीबोळांतून, बाजारांतून. बसला कधी ओरखडा येऊ दिला नव्हता. असा माणूस रिकाम्या वाटेवर डावीकडे वळायचं का टाळेल?

"बाबा, टाकीला वळसा कशाला घालता?"

वडील नळापाशी हात धूत होते. त्यांनी खांदे उडवले. "डावीकडे वळलं की कुणीतरी एकदम समोर येतं. कधी माणूस, कधी कुत्रं. हल्ली लोकांना धीरच राहिला नाही बघ. आत्ता नव्हते आणि आत्ता आहेत."

"उजवीकडून नाही येत कुणी?"

"उजवीकडचे लोक बरे आहेत," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

तिला हसू आलं नाही.

तेवढ्यात फोन आला. पाहुणे गेटावर पोचले होते. नवरा-बायको, दोन लहान मुली आणि बरंच सामान. वडिलांनी टॉवेल घेतला.

"थांब, मीच आणतो त्यांना. तूही चल. तुझं काम कसं झालंय ते कळेल."

"येते," ती म्हणाली आणि पुढे जाऊन गाडीत बसली. ड्रायव्हरच्या शेजारी, डावीकडच्या जागेवर. आपण नेमकं काय पाहायला बसलोय हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. ती फक्त गप्प राहिली. हललीसुद्धा नाही.

वडील मागून, गाडीच्या उजव्या बाजूनं आले. टॉवेल खांद्यावर टाकून ते आपल्या जागेवर बसले. किल्ली लावून फिरवली. ब्रेकवर पाय ठेवला. समोर गेटाकडे पाहत थोडा वेळ थांबले. मग उजवीकडे, घराच्या दाराकडे मान वळवून त्यांनी हाक मारली.

"अगं, येतेस ना? लोक खोळंबलेत तिकडे."

लेक त्यांच्या डावीकडे, हातभर अंतरावर होती. उत्तर देण्याआधी तिनं हात पुढे केला आणि गाडीची किल्ली काढून घेतली.