तिसरा पंख

तिसरा पंख धाकट्याच्या हातात आला तो गोंदाच्या तारा ओढतच.

"दादा, हाही गेला," तो म्हणाला.

थोरल्यानं पॉलिशपेपर खाली ठेवला आणि जवळ येऊन पाहिलं. दोन दिवस होऊन गेले तरी गोंद ओलाच, बोटाला चिकटत होता. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पहिले दोन पंख निघाले होते तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं. ते खाचेतून कसे स्वच्छ सुटून आले होते, आणि त्या दोन्ही दिवशी दुपारी त्याला झोपही छान लागली होती. हे प्रकरण मात्र वेगळं होतं. इथं कुठंतरी पाणी मुरत होतं.

रॉकेट चांगलं नऊ फुटांचं. धाकट्याच्या मुलीनं ते सुट्या भागांच्या खोक्यातून पाठवलं होतं. जाड पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लायवूडचे चार पंख, निमुळतं टोक, पॅराशूट आणि सूचनांची जाडजूड वही. लहानपणी या दोघा भावांनी पत्र्याच्या डब्याचं रॉकेट उडवून शेजारच्यांची काच फोडली होती, ती गोष्ट तिनं शंभरदा ऐकलेली. आईबाबांनी आता कायमचं आपल्याकडं राहायला यावं, असा तिचा हट्ट. धाकट्यानंही शब्द देऊन टाकला होता, की रॉकेट उडालं की दुसऱ्या दिवशी निघतो. दर रविवारी फोनवर ती एकच विचारायची, कुठवर आलं?

थोरल्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. ही दोघं गेली की घरात बोलायला भिंती तेवढ्या उरणार. पण अडवणार कुठल्या तोंडानं? "जा बाबांनो, लेकीकडं सुखात राहा," असं सगळ्यांसमोर तोच तर म्हणून बसला होता.

तर घरात माणसं तीन, आणि त्यातलंच कुणीतरी हे करत होतं. थोरल्यानं भावजयीपासून सुरुवात केली. रॉकेट बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्यांवर आडवं पडलेलं, आणि ती रोज त्याला वळसा घालून जाता-येता पुटपुटायची. थोरल्याचा जन्म सुतारकामात गेलेला. तेलाचा हात किंवा मेणाचा थेंब लागला की लाकडाला गोंद धरत नाही, हे त्यानं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आता त्यानं आडून आडून विचारलं, फडकं कसलं मारता, खाचेला हात वगैरे तर लागला नाही ना.

तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. "भाऊजी, महिना झाला माझ्या बॅगा भरलेल्या आहेत. रोजचे कपडेसुद्धा त्यातूनच काढतेय. ते धूड एकदाचं उडावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसलेय. मी कशाला त्याच्या वाटेला जाऊ?"

म्हणणं खरं होतं. तिला घाई होती. मग उरला कोण?

उरला धाकटा. पण धाकट्यानं तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढलेली. औषधाचा थेंब कधी त्याच्या हातून इकडचा तिकडं झाला नाही. हा गोंद दोन बाटल्यांचा, एक पांढरी, एक पिवळी. दोन्हीतलं सारख्या मापानं घेऊन कालवायचं. पिवळं कमी पडलं तर गोंद जन्मात वाळायचा नाही. म्हणून तर कालवायचं काम त्याच्याकडं दिलेलं. असला माणूस मापात चुकतो? की हा मुद्दाम आपली परीक्षा बघतोय? थोरल्याला घास गोड लागेना.

रविवारी सकाळी धाकटा आंघोळीला गेलेला बघून त्यानं पेन्सिल काढायला टेबलाचा खण ओढला. खण अडकला. त्यानं सवयीनं शर्टाच्या खिशातून मेणबत्तीचं थोटूक काढलं, खणाच्या कडांना चोळलं, तसा खण सुरळीत सरकला. मग त्यानं दोन्ही बाटल्यांवर आतल्या गोंदाच्या पातळीला बारीक रेघ मारली आणि साळसूदपणे पेपर उघडून बसला.

धाकटा आला आणि पाठमोरा उभा राहून गोंद कालवू लागला.

"माप बरोबर आहे ना रे?"

"तीस वर्षं तेच केलंय, दादा." त्यानं मागं वळून काही पाहिलं नाही.

दोघांनी मिळून तिसरा पंख पुन्हा बसवला. थोरला तो धरून उभा होता तेवढ्यात आत फोन वाजला. मुलीचाच. धाकटा तिला समजावत होता, की अगं, पंखच अजून बसायचेत, आणि हा गोंद फार सावकाश वाळतो, पुढचा महिना तरी धरून चाल.

थोरल्यानं एका हातानं पंख सांभाळत मान वाकडी करून बाटल्या पाहिल्या. पांढरी रेघेच्या बोटभर खाली गेली होती. पिवळी रेघेवरच होती, केसभरही हललेली नव्हती.

त्याला एकदम भरून आलं. धाकटा परत आला तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता.

"काय म्हणते?"

"काय म्हणणार, घाई करते. पंख सरळ बसला का?"

"सरळ बसलाय. पण धरेलसं वाटत नाही."

धाकट्यानं दोन्ही बाटल्यांची झाकणं लावली. "नाही धरला तर पुन्हा लावू."

"पुन्हा लावू," थोरला म्हणाला.

धाकटा हात धुवायला गेला. थोरल्यानं खिशातलं मेणबत्तीचं थोटूक काढून खणात टाकून दिलं. आता त्याची गरज नव्हती. पहिल्या दोन पंखांच्या खाचांना चोळून ते तसंही एवढंसंच उरलं होतं.