कोपऱ्यातला ऐतखाऊ

मालकांचा मेहुणा बहिणीच्या पुण्याईने कंपनीत खुर्चीवर बसला होता. त्याला सर्व्हरच्या खोलीत पाऊल टाकणंही कमीपणाचं वाटायचं. घरी सोफ्यावर लोळत तो फोनवरूनच सगळे सर्व्हर चालू-बंद करायचा. खोलीच्या दाराचं कुलूपसुद्धा त्याने फोनलाच जोडून घेतलं होतं.

"ताई, हे बघ," तो बहिणीपुढे मिरवू लागला, "सगळे सर्व्हर राबतायत आणि हा एक कोपऱ्यात मख्ख बसून फुकटची वीज खातोय. असल्या ऐतखाऊंना मी एका बोटाने घरी बसवतो!"

त्याने बटण दाबलं आणि फोनचा पडदा कोरा झाला. मग तो सर्व्हर परत चालू होईना, बाकीचे दाद देईनात आणि दारही उघडेना.



अख्ख्या खोलीत मेहुण्याचे फोनवरचे हुकूम झेलून पुढे पोचवायला बसलेला तो ऐतखाऊ एकटाच होता.