डाव्या पायाचं पाणी

"तू राहू दे. लाडी येईल, ती करून देईल वजू." म्हातारीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

नमाजाआधी हातपाय धुवायची तोटीची झारी घेऊन असाबे तशीच उकिडवी बसली. उन्हं अंगणातल्या कणगीवरून खाली उतरलेली. असरच्या नमाजाची वेळ सरत चाललेली. धाकटी बहीण लाडी गेलेली कात्सिनाला, बारशाला. ती कसली येतेय अंधार पडल्याबिगर!

"इन्ना, तुझा नमाज चुकेल," असाबे आईला म्हणाली.

"मग शेजारच्या दाबोला हाक मार."

"ती बाजारात गेलीय."

"मग माती दे चिमूटभर. मातीनं करते."

"पाणी घरात असताना माती चालत नाही. तूच शिकवलंस की लाडीला. मी दाराआडून ऐकत होते."

 त्या मुलखात पहिलं लेकरू म्हणजे आईची लाज. त्याला कुशीत घ्यायचं नाही, नावानं हाक मारायची नाही. असाबे ही पहिली. आता स्वतः आजी झाली, तरी आईच्या तोंडून तिला 'ए, तू'च्या पुढं काही मिळालं नव्हतं.

तिनं पुन्हा विचारलंच नाही. अंगावरून वारं गेल्यापासून म्हातारीची उजवी बाजू लुळी. तो लुळा हात असाबेनं उचलला नि पाणी सोडलं. मग तोंड, नाक, चेहरा. कोपरापर्यंत दोन्ही हात. ओला तळवा डोक्यावरून फिरवला, तर हाताखाली एवढंसं डोकं, तान्ह्या पोराचं असावं तसं.

"हळू गं! माणूस धुतेस का उंट?"

"उंट बरा. त्याची लाथ एकदाच बसते."

म्हातारीच्या ओठाचा धड असलेला कोपरा हलला.

उजवा पाय झाला. मग डावा, जीव असलेला, स्पर्श कळणारा. असाबेनं तो आपल्या गुडघ्यावर घेतला. पाणी सोडत टाचेच्या भेगा चोळल्या, बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवलं. एकदा. दोनदा. तीनदा. झारी खाली ठेवली.

"झालं, इन्ना. चल, नमाजाला बसवते."

"कुठं झालं? दोनदाच झालं."

"तीनदा. मी मोजलंय."

"पाय माझा का तुझा? दोनदाच."

तीनाच्या वर पाणी घालायचं नसतं, हे तिथलं शेंबडं पोरगंही सांगेल. आणि म्हातारीनं तर आख्ख्या गल्लीतल्या पोरींना वजू शिकवलेला. तिची मोजणी आजवर चुकली नव्हती.

असाबेनं मान वर केली. म्हातारी भिंतीकडंच बघत होती. पाय मात्र तिनं गुडघ्यावरून काढला नव्हता.

"असेल बाई, दोनदाच असेल," असाबे म्हणाली. झारी उचलली, नि धार अगदी बारीक धरली.