पाचवा ठोका

“इथे नको, फार गर्दी आहे,” मास्तरांची बायको फाटकातच म्हणाली.

मास्तरांनी आत डोकावून पाहिलं. कॉफीच्या दुकानामागच्या अंगणात चार टेबलं सरळसरळ रिकामी होती. रविवारची दुपार, वर ताणलेलं कापड, आणि कोपऱ्यातल्या लाकडी चौथऱ्यावर कुणीतरी जुनं रॉक गाणं वाजवत होतं. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. रिकामी टेबलं त्यांना मोजता येत होती. ते आत शिरले.

चौथऱ्यावर त्यांचाच बँड होता.

माईकवर दातांचा डॉक्टर. गिटारवर मास्तरांचा सख्खा मेहुणा. आणि ड्रम्सच्या मागे, मास्तरांच्या जागी, एक अनोळखी बाई. केस घट्ट बांधलेले, हात मस्त सैल सोडलेले. वाजवत चांगली होती, हे मास्तरांना पहिल्या मिनिटातच कबूल करावं लागलं.

त्यांच्या मनगटाचं प्लास्टर निघून दहा दिवस झाले होते. अजून दोन महिने ड्रमच्या काठ्या हातात धरायच्या नव्हत्या. मेहुणा दर आठवड्याला घरी यायचा, बहिणीच्या हातचा चहा प्यायचा आणि उठताना म्हणायचा, “दाजी, सगळं बंद ठेवलंय. तुमच्याशिवाय कसला बँड?” परवाच्या गुरुवारीही म्हणाला होता.

मास्तर खुर्चीत बसले. बायको समोर बसून मेन्यूकार्ड असं वाचायला लागली, की जणू उद्या त्यावर परीक्षाच आहे.

“तुला माहीत होतं,” मास्तर म्हणाले.

“तुम्हाला उगाच त्रास होईल म्हणून... भाऊ म्हणाला, हात बरा झाला की होईल सगळं नीट.”

तेवढ्यात बँडचं हुकमी गाणं सुरू झालं. गाणी सगळी दुसऱ्यांचीच, पण हे वाजल्याशिवाय लोक उठायचे नाहीत. शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं थांबतात, ड्रमवर एकट्याचे चार ठोके पडतात आणि मग गिटार उसळतं. मास्तर एकोणीस वर्षं तिथे पाच ठोके मारत आले होते. मूळ बँडच्या एका मैफिलीच्या कॅसेटवर पाचवा ठोका आहे, लोकांच्या ओरड्याखाली दबलाय, ज्याला कान आहेत त्याला ऐकू येतो, असा त्यांचा दावा. यावरून दर तालमीला जुंपायची. “गणिताचा मास्तर, आणि चारपर्यंत मोजता येत नाही!” असं म्हणून डॉक्टर कपाळावर हात मारायचा. मेहुणा पाचव्या ठोक्याला हमखास अडखळायचा आणि मग बहिणीकडे गाऱ्हाणं न्यायचा.

वाद्यं थांबली. ही बाई तरी चारच वाजवेल, अशी मास्तरांना आशा होती. तेवढं एक आपलं आपल्यापाशी राहील.

एक, दोन, तीन, चार. पाच.

मेहुणा अजिबात अडखळला नाही. तो पाचव्याचीच वाट बघत उभा होता. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ टाळ्या पिटत मास्तरांना म्हणाले, “ऐकलंत? मूळ गाण्यात चारच आहेत. पाचवा यांचा स्वतःचा!”

गाणं संपल्यावर डॉक्टरनेही माईकवरून तेच सांगितलं. “हा पाचवा ठोका म्हणजे आमच्या बँडची सही आहे.”

एकोणीस वर्षांत हे वाक्य तो तालमीत एकदा जरी बोलला असता, तरी मास्तरांनी हसत हसत त्याच्याकडून सगळी बत्तिशी उपटून घेतली असती. आपली जागा दुसऱ्याला दिली, हे त्यांनी कसंबसं गिळलं असतं. पण ज्या ठोक्यावरून इतकी वर्षं टोमणे खाल्ले, तो ठेवून घेतला आणि माणूस घरी बसवला. हे मात्र गिळवेना.

मध्यंतरात मेहुण्याने त्यांना पाहिलं. तो जवळजवळ पळतच आला. “दाजी! अरे वा... म्हणजे, आम्ही सांगणारच होतो.” मागून घाम पुसत डॉक्टर आला, आणि त्याच्या मागून ड्रमवाली बाई. ती एकटीच मनापासून खूश दिसत होती.

“सर, तुम्हीच ना? तुमच्या तालमींच्या रेकॉर्डिंगवरूनच बसवलंय मी सगळं. तुम्ही वाजवणं कायमचं सोडलंत असं हे म्हणाले. मला फार वाईट वाटलं.”

“कायमचं?” मास्तरांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा गळ्यातला गिटारचा पट्टा सारखा करायला लागला.

“सर, एक विचारू?” बाई म्हणाली. “तो पाचवा ठोका डाव्या हाताचा, की उजव्या? रेकॉर्डिंगमध्ये कळतच नाही. मी मारते, पण तुमच्यासारखा वाजत नाही.”

डाव्या हाताचा होता. काठी जराशी तिरपी धरून, ड्रमच्या अगदी कडेला. हे मास्तरांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर आणि मेहुणा दोघंही कान देऊन उभे राहिले. बायकोने मेन्यूकार्ड खाली ठेवलं.

“चारच आहेत,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे?”

“मूळ गाण्यात चारच आहेत. पाचवा माझ्याकडून चुकून पडायचा. हे दोघं एकोणीस वर्षं सांगत होते, मीच हट्टाने ऐकलं नाही.” मास्तर उठले आणि त्यांनी खुर्ची नीट आत सरकवली. “तुम्ही उगाच माझी चूक गिरवू नका. चारच वाजवा.”